जुनी शिकारी रायफल घ्यावी का? साल, क्रमांक आणि मधली वर्षे

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. इतिहासाच्या व्याख्यानात बंदूक विकत घेण्याचं काय काम? पण आपले बरेच श्रोते अमेरिकेत आहेत, आणि तिथल्या खेड्यापाड्यांत, लहान गावांत हा प्रश्न अगदी घरगुती आहे. शेजारचे आजोबा वारले, आजी घर आवरायला काढते, कपाटातून एक बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल निघते. हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आलेला असतो. ‘बघ, तुला हवी तर घे, स्वस्तात देते.’ आता घ्यायची की नाही?

माझं म्हणणं असं, की या प्रश्नाचं निम्मं उत्तर इतिहासात असतं आणि निम्मं त्या एका रायफलीच्या अंगावर. लोक दुसरं बघतात, चकाकी बघतात, लाकूड बघतात, आणि पहिलं विसरतात. किंवा उलट, एखादं प्रसिद्ध साल ऐकून भाळतात आणि हातातली वस्तू बघतच नाहीत. आज मी तीन रायफलींबद्दल बोलणार आहे. पहिलीवर जास्त वेळ घालवीन, कारण तिथे जिवाशी गाठ आहे.

आधी बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे काय ते दोन वाक्यांत. दाराला कडी असते ना, आडवी सरकणारी, टोकाला मूठ असलेली? तशीच ही. मूठ वर उचलायची, मागे ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलायची, नवं काडतूस नळीत जातं. मूठ खाली दाबली की कडी बसली. ज्या पोलादी ठोकळ्यात ही कडी सरकते आणि अडकते त्याला रिसीव्हर म्हणतात. बार उडतो तेव्हा सगळा दाब त्या अडकणीवर आणि रिसीव्हरवर येतो. नळी बदलता येते, दस्ता बदलता येतो, दुर्बीण बदलता येते. रिसीव्हर म्हणजेच रायफल. अमेरिकेचा कायदासुद्धा तसंच मानतो, क्रमांक त्याच्यावरच असतो.

या रचनेला पक्कं रूप दिलं जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावच्या पाउल माउझर यांनी. त्यांची १८९८ ची रायफल ही पुढच्या बहुतेक शिकारी रायफलींची आजी. आपल्याला हिची एक नात चांगली ठाऊक आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटना संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी जी .२७५ रिग्बी भेट दिली, ती लंडनच्या रिग्बी कंपनीची असली तरी तिची कडी माउझर पद्धतीचीच होती. कॉर्बेटची पुस्तकं मराठीत वाचलेल्यांनी त्या रायफलीबद्दल वाचलेलं असणारच.

तर आता अमेरिकेकडे. १८९८ च्या युद्धात क्यूबामध्ये अमेरिकन सैन्याला स्पॅनिश सैनिकांच्या हातातल्या माउझर रायफलींचा चांगलाच प्रसाद मिळाला. परत आल्यावर त्यांनी स्वतःची नवी रायफल बनवली, मॉडेल १९०३, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात. ती माउझरच्या इतकी जवळ होती की पेटंटपोटी अमेरिकन सरकारला माउझर कंपनीला एकूण दोन लाख डॉलर मोजावे लागले. नक्कल केली आणि रीतसर पैसेही दिले, हा प्रामाणिकपणा म्हणायचा की नाइलाज, ते तुम्ही ठरवा. तिचं काडतूस १९०६ साली बदललं, ते म्हणजे .३०-०६, तिकडच्या बोलीत थर्टी-ऑट-सिक्स. आजही हरणासाठी ते चालतं आणि कुठल्याही दुकानात मिळतं. म्हणजे एकशेवीस वर्षांची रायफल आणि कोपऱ्यावरच्या दुकानातलं ताजं काडतूस. मोह इथेच होतो.

आता कारखान्याच्या आत चला. साल १९१० धरा. रिसीव्हर घडवून झाला की त्याला भट्टीत तापवून मग विझवायचा, म्हणजे वरचा थर कठीण होतो. आपल्याकडे लोहार विळ्याला पाणी देतो, तेच मोठ्या प्रमाणावर. तापमान किती झालं हे कसं ओळखायचं? रंगावरून. लाल, मग केशरी, मग पिवळसर. भट्टीवर माणसं अनुभवी होती, नजर पक्की होती. आपला लोहारही असंच करतो आणि विळा उत्तम होतो. पण विळ्यावर पन्नास हजार पौंडांचा दाब येत नाही.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, घाईघाईने काडतुसं बनू लागली, आणि काही रायफलींचे रिसीव्हर फुटले. वाकले नाहीत, ताणले गेले नाहीत, काच फुटावी तसे तुकडे झाले. चौकशी सुरू झाली. तापमान मोजायची यंत्रं आणून भट्ट्या तपासल्या, तेव्हा जे सापडलं ते ज्युलियन हॅचर या लष्करी अधिकाऱ्याने पुढे आपल्या नोंदींच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. ढगाळ दिवशी जो रंग ‘बरोबर’ वाटायचा आणि लख्ख उन्हाच्या दिवशी जो रंग ‘बरोबर’ वाटायचा, त्या दोन्हींत तीनशे अंश फॅरनहाइटपर्यंत फरक होता! उजेड जास्त असला की तापलेलं लोखंड डोळ्याला फिकट दिसतं, म्हणून कारागीर ते आणखी तापू देतो. पोलाद जळतं. त्याचे कण मोठे होतात आणि ते ठिसूळ होतं. म्हणजे तुमची रायफल मजबूत आहे की ठिसूळ, हे ती ज्या दिवशी भट्टीत गेली त्या दिवशी स्प्रिंगफील्डला ऊन होतं की ढग होते, यावर अवलंबून.

१९१८ च्या सुरुवातीला पद्धत बदलली. दोनदा तापवून पाणी द्यायची रीत आली, तापमान यंत्राने मोजायला लागले. स्प्रिंगफील्डच्या रायफलींत हा बदल ८,००,००० या क्रमांकाच्या सुमाराला झाला, आणि दुसऱ्या सरकारी कारखान्यात, इलिनॉयमधल्या रॉक आयलंडला, २,८५,५०७ या क्रमांकापासून. त्याच्या खालच्या रायफलींना तिकडे ‘लो नंबर’ म्हणतात. दोन्ही मिळून दहा लाखांवर रायफली झाल्या. त्या पुन्हा तापवून सुधारता येतील का, हेही पाहिलं गेलं. भरवसा देता येईना. जळलेलं पोलाद पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, हे आपल्या लोहारालाही ठाऊक असतं. शेवटी सैन्याने ठरवलं की वापरात आहेत त्या राहू देत, पण दुरुस्तीला परत आल्या की रिसीव्हर भंगारात.

सगळ्या परत आल्या नाहीत. अनेक नागरिकांकडे गेल्या. १९२० ते १९५० च्या काळात अमेरिकेत एक छंदच होता, लष्करी रायफल घ्यायची, लांब लाकूड कापायचं, नळी आखूड करायची, छान अक्रोडाचा दस्ता बसवायचा, वर दुर्बीण लावायची. त्याला ‘स्पोर्टर’ म्हणतात. काही स्पोर्टर फार सुंदर आहेत. आणि शेजारच्या आजींच्या कपाटात नेमकी अशीच एखादी असू शकते.

म्हणून पहिलं काम, क्रमांक वाचायचा. रिसीव्हरच्या पुढच्या गोल कड्यावर कारखान्याचं नाव, मॉडेल १९०३ आणि क्रमांक असतो. गंमत अशी की दुर्बिणीची बैठक बरोबर तिथेच स्क्रूने बसवतात, आणि क्रमांक तिच्याखाली झाकला जातो. विकणाऱ्याने लपवलेला नसतो, पण दिसत नाही. बैठक काढून दाखवा म्हणायचं. नाही म्हणाले तर नमस्कार करून निघायचं. दुसरी फसगत नळीवरच्या तारखेची. मूळ लष्करी नळीवर पुढच्या टोकाजवळ महिना आणि साल ठोकलेलं असतं. समजा तिथे १९२९ दिसलं, तर माणूस निर्धास्त होतो. पण नळी बदललेली असू शकते. १९१२ च्या ठिसूळ रिसीव्हरला १९२९ ची नळी, ही अगदी नेहमीची जोडी आहे. नळीची तारीख ही रायफलीची जन्मतारीख नव्हे.

इथे नेहमी एक युक्तिवाद येतो. आजोबांनी चाळीस वर्षं हिनेच हरणं मारली, काही झालं नाही, मग आता काय होणार? ऐकायला बिनतोड वाटतं. पण ती फुटायची कशी, ते पाहा. सगळं ठीक असताना पितळी काडतूस स्वतःच दाब कोंडून धरतं, रिसीव्हरची परीक्षा होतच नाही. परीक्षा होते ती काडतुसाची पितळी बैठक फाटून तप्त वायू मागे सुटतो तेव्हा. चांगल्या रिसीव्हरमध्ये तुम्हाला झिणझिण्या येतील, डोळ्यांना गॉगल असेल तर वाचाल. ठिसूळ असेल तर तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर पोलादाचे तुकडे उडतील. चाळीस वर्षांत एकही काडतूस फाटलं नाही, एवढंच त्या चाळीस वर्षांनी सिद्ध होतं. रिसीव्हर चांगला की जळलेला, याबद्दल आजोबांचा अनुभव काहीच सांगत नाही. अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली नागरिकांना विकणारी जी संस्था आहे, सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, तीही लो नंबर रायफल झाडू नये असाच सल्ला देते. भिंतीवर टांगायला, अभ्यासाला, जरूर घ्या. जंगलात नेऊ नका. मी या बाबतीत कर्मठ आहे.

दुसरी कथा त्या मानाने सौम्य आहे, तिथे फक्त खिसा जातो. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या विंचेस्टर कंपनीने १९३६ साली मॉडेल ७० काढली. माउझरच्या पद्धतीचा मोठा पंजा तिच्या बोल्टला होता. काडतूस मॅगझीनमधून वर येता येताच हा पंजा त्याची कडा पकडतो आणि बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. घडण निगुतीची, दस्त्यावरची नक्षी हाताने कोरलेली. जॅक ओ’कॉनर यांच्यासारख्या शिकारलेखकाने तिचं आणि .२७० काडतुसाचं इतकं कौतुक केलं की दोन पिढ्यांना तीच रायफल हवी झाली. पुढे मजुरी वाढली, आणि रेमिंग्टनची १९६२ ची स्वस्त रायफल समोर येऊन उभी राहिली. १९६४ साली विंचेस्टरने खर्च कमी केला. पंजा गेला, त्याच्या जागी छोटा अंकुश आला. नक्षी कोरण्याऐवजी दाबून उमटवली. नळी आणि लाकूड यांच्यात बोटभर वाटावी अशी फट दिसू लागली. ग्राहक इतके रागावले की ‘प्री-सिक्स्टीफोर’ हा शब्दच रूढ झाला. १९६४ पूर्वीची म्हणजे खरी, नंतरची म्हणजे... आपल्याकडे मुंबईत जुन्या फियाटबद्दल म्हातारे बोलतात ना, अगदी तसंच.

क्रमांकावरून हे सहज कळतं. जुन्या घडणीचे क्रमांक सुमारे ५,८१,००० पर्यंत, आणि नव्या घडणीची सुरुवात मुद्दाम ७,००,००० पासून केली. मधली रिकामी जागाच सीमारेषा झाली.

पण घ्यावी का जास्त पैसे देऊन? हरणासाठी असेल तर माझ्या मते फारसं कारण नाही. पंजाचा खरा उपयोग घाईगर्दीत, अंगावर येणाऱ्या जनावरासमोर. अर्धवट बोल्ट ओढून पुन्हा ढकलला तरी दोन काडतुसं एकावर एक अडकत नाहीत. अस्वलांच्या मुलखात त्याला मोल आहे. शेताच्या कडेला उभ्या हरणाला त्याचं काय! आणि नंतरच्या रायफली नेम धरायला मुळीच वाईट नव्हत्या, रागाच्या भरात लोकांनी ते मान्य केलं नाही एवढंच. शिवाय १९६४ पूर्वीची सगळीच रायफल सोन्याची नसते. संग्राहक पैसे देतो ते मूळ अवस्थेचे. कुणी दस्ता कापून रबरी गादी लावली, रिसीव्हरला जास्तीची छिद्रं पाडली, नळी पुन्हा काळी करून घेतली, की संग्राहक तोंड फिरवतो. मग तीच रायफल शिकाऱ्याला रास्त भावात मिळते आणि काम पहिल्याइतकंच करते. ‘प्री-सिक्स्टीफोर’ हा शब्द किमतीत धरून कुणी छिद्रं पाडलेली रायफल विकत असेल, तर मात्र भाव करा. बोल्टच्या खालच्या बाजूला कोरलेला क्रमांक रिसीव्हरशी जुळतो का, तेही बघा. जुळत नसेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे.

तिसरी कथा रेमिंग्टनच्या मॉडेल ७०० ची. विंचेस्टरला जिने घाम फोडला, तीच ही १९६२ ची. अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेल्या रायफलींपैकी एक, कडी अतिशय भक्कम. त्यामुळे जुन्या बाजारात तुमच्यासमोर हीच येण्याची शक्यता अधिक. वाद आहे तो चापाच्या यंत्रणेचा. माइक वॉकर यांनी बनवलेल्या या यंत्रणेत एक छोटा सुटा तुकडा आहे, तो चापाला जोडलेला नसून स्प्रिंगच्या जोरावर टेकलेला असतो. त्याच्या आणि चापाच्या मध्ये कचरा, घट्ट झालेलं तेल, गंज अडकला तर तो जागेवर परत येत नाही आणि चाप न ओढता बार उडू शकतो, असा वर्षानुवर्षं आरोप झाला. कंपनीने दोष असल्याचं नाकारलं. त्यात भर म्हणजे १९८२ पूर्वीच्या मॉडेलमध्ये सेफ्टी लावलेली असताना बोल्ट उघडतच नसे. रायफल रिकामी करायची तर आधी सेफ्टी काढावी लागे. म्हणजे सगळ्यांत सावध क्षणी सर्वांत मोठा धोका. २००० साली मोंटानात शिकारीहून परतलेल्या एका कुटुंबात रायफल रिकामी करतानाच बार उडाला आणि नऊ वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर हे प्रकरण देशभर गाजलं. पुढे सामूहिक दाव्यात तडजोड झाली, सत्तर लाखांहून जास्त बंदुकांना ती लागू होती, आणि मालकांना चाप फुकट बदलून देण्याचं ठरलं. ती मुदत २०२० साली संपली, आणि त्याच वर्षी मूळ कंपनी दिवाळ्यात निघून तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली. म्हणून जुनी ७०० घेताना विचारायचा प्रश्न एकच, चाप बदललाय का? पावती आहे का? नसेल तर नवा चाप बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करायचा आणि बसवल्याशिवाय काडतूस भरायचं नाही. तेवढं केलं तर तिन्हींत मी हीच घ्यायला सांगेन. भावना नाही, पण काम आहे.

आता मधल्या वर्षांबद्दल थोडं, म्हणजे कारखान्यानंतर काय घडलं ते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकन लष्करी .३०-०६ काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं मीठ नळीत राहतं. कोकणात जून महिन्यात मिठाची बरणी उघडी ठेवली तर काय होतं? तेच नळीत होतं. नुसत्या तेलाने ते जात नाही, पाण्याने धुवावं लागतं, आणि हे कित्येकांना माहीत नव्हतं. म्हणून बाहेरून आरशासारखी आणि आतून देवीच्या व्रणांसारखी खड्ड्याखड्ड्यांची नळी पुष्कळ दिसते. बोल्ट काढून, उजेडाकडे धरून आत बघा. नळी बदललेली असली, बोल्ट दुसरा असला, किंवा जुन्या लष्करी माउझरला नव्या काडतुसासाठी खोदलं असलं, तर कडी बसल्यावर काडतुसाला मागेपुढे किती जागा उरते ते गनस्मिथकडून मापून घ्या. त्याच्याकडे त्यासाठी ठरलेली पोलादी मापं असतात, काम दहा मिनिटांचं. विशेषतः १८९३-९५ च्या जुन्या घडणीच्या माउझर, ज्यांना १८९८ चा तिसरा सुरक्षा-खुंटा नाही, त्या कुणी जोरकस काडतुसासाठी बदलल्या असतील तर मी हात लावणार नाही.

कायद्याचाही एक टप्पा आहे. १९६३ च्या मार्चमध्ये शिकागोच्या एका दुकानातून टपालाने एक जुनी इटालियन लष्करी बोल्ट-अ‍ॅक्शन गेली, दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट. नोव्हेंबरमध्ये तिनेच केनेडींची हत्या झाली. १९६८ च्या कायद्याने अशी टपालविक्री बंद झाली आणि प्रत्येक नव्या बंदुकीवर क्रमांक सक्तीचा झाला. म्हणून १९६८ आधीच्या एखाद्या साध्या रायफलीवर क्रमांक नसणं शक्य आहे. पण असलेला क्रमांक घासून काढलेला दिसला, तर ती जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून घ्यायची तर परवानाधारक दुकानदारामार्फतच.

शेवटी प्रश्नोत्तरांत एका श्रोत्याने विचारलं ते इथे घेतो. ‘सर, मी एच-वन-बी वर आहे. शेजारच्या काका स्प्रिंगफील्ड देतायत, क्रमांक सहा लाखांच्या घरात. घेऊ का?’

दोन उत्तरं. पहिलं, ग्रीन कार्ड नसलेल्या, तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना. पण यात चूक झाली तर व्हिसा तर जाईलच, शिवाय खटला होईल. तेव्हा आधी वकील, मग काका. आणि दुसरं, सहा लाख म्हणजे आठ लाखांच्या खाली. काकांना विचारा, ते स्वतः अजून ती झाडतात का. झाडत असतील तर रायफल घेण्याआधी त्यांना उन्हाची आणि ढगांची गोष्ट सांगा.